नळीतला रंग

३ डिसें. ८६, बुध.
दहाव्या दिवशी सोडलं. आता मांडवीला, आईकडे. खाट समुद्राकडच्या खोलीत, खिडकीला चादर ठोकलेली. बाळंतिणीला वारा नको म्हणे. लाटांचा आवाज येतो, लाटा दिसत नाहीत.

पोर चार किलो शंभर. हॉस्पिटलात प्रत्येक जण बघून हसला, "केवढी ही ठमी!" मी नाही हसले. मूल एवढं मोठं का होतं ते मला सातव्या महिन्यापासून माहीत आहे. माझी साखर वाढलेली, तीच हिला पोचली. आणि नाळ कापल्यावर हिची एकदम उतरली. दोन दिवस काचेच्या पेटीत. माझी जास्त, हिची कमी. काय हा हिशोब देवाचा.

इंजेक्शनं बंद केली. डॉक्टरीणबाई: "बहुतेकींची बाळंतपणानंतर जाते. काहींची राहते. सहा आठवड्यांनी रक्त बघू." मी विचारलं, मी बहुतेकींतली की काहींतली? म्हणाल्या, आत्ता कसं सांगणार.

अण्णांची पण सुरुवातीला "थोडीशीच" होती. आधी अंगठा. मग पाऊल. मग गुडघ्यापर्यंत. मग ८२ च्या ऑगस्टात अण्णाच.

५ डिसें., शुक्र.
बारसं झालं. नाव मेधा. घरात सगळे ठमीच म्हणतात. यांना तार मीच सांगून पाठवली होती त्या दिवशी: मुलगी झाली दोघी सुखरूप. नऊ वर्षं तारघरात काढली, कमी शब्दांत खोटं कसं बोलावं ते बरोबर जमतं. हे बोटीवर, मार्चशिवाय येत नाहीत. साखरेचं त्यांना एवढंच माहीत की "थोडा त्रास होता".

आईनं आजपासून लाडू सुरू केले. सकाळी डिंकाचा, दुपारी अळिवाचा, संध्याकाळी मेथीचा. मेथीचा कडू म्हणून त्यात गूळ दुप्पट. "आई, मला साखर होती." "होती ना? मग झालं. पोरीबरोबर बाहेर पडली. खा गो बाय, अंगावर पाजायचंय."
खाल्ला. चांगला लागला, हेच वाईट.

९ डिसें., मंगळ.
आई मुशी आणायला बंदरावर गेली होती. (मुशीच्या कालवणानं दूध येतं. आईचं सगळं शास्त्र दुधापाशी येऊन थांबतं.) तेवढ्यात अण्णांचं कपाट उघडलं. पेटी होती तशीच. स्पिरिटचा दिवा, काचेची नळी, लाकडी चिमटा, निळ्या औषधाची बाटली. बाटली अर्ध्याच्या वर भरलेली. अण्णा गेले तेव्हा एवढं होतं? आठवत नाही. वही मात्र नव्हती, रद्दीत गेली असणार.

हात आपोआप चालले. रोज सकाळी आई नळी उकळायची, अण्णा चष्मा लावून रंग बघायचे, मी वहीत लिहायची. नि. म्हणजे निळा, साखर नाही, अण्णा शीळ घालत अंघोळीला. मग हि., पि., ना. आणि शेवटी वि., विटकरी. वि. आली की त्या दिवशी घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही.

चमचाभर औषध, लघवीचे आठ थेंब, उकळी. मनात म्हणत होते निळा राहू दे, निळा राहू दे.
हि.

१० डिसें.
हि. परत.

११ डिसें., गुरु.
पि. पिवळट तरी नक्की. खिडकीची चादर बाजूला करून उजेडात बघितला. पिवळाच.
राहिली. माझी राहिली. काहींतली निघाले मी.
ठमी शेजारी झोपलीय, मुठी वळून. तिच्या लग्नात मी कुठे असेन? खुर्चीत बसवून आणतील, एका पायाची.

१२ डिसें.
ठरवलं. भात बंद, लाडू बंद. आईला सांगायचं नाही. अण्णांच्या पायाला तिनं नऊ महिने पट्ट्या बांधल्या, आता परत मी कोणत्या तोंडानं सांगू? लाडू हातात घेते, आई वळली की दुपट्यांच्या चळतीखाली. भात ताटात पसरून ठेवते, मग मांजराला. मांजर खूश आहे.

१३ डिसें., शनि.
सोनूमावशी रोज येते, तेल लावायला आणि शेक द्यायला. आज खाटेखाली शेगडी ठेवताना निखारा बाहेर पडला. आई तेवढ्यात दुपटं घेऊन आली आणि तिचा पाय बरोबर त्यावर. उभी राहिली तशीच. सोनूमावशीशी बोलतेय, तिच्या सुनेबद्दल. मला चामडं जळाल्याचा वास आला. ओरडले, "आई, पाय!" तेव्हा खाली बघितलं आणि पाय उचलला.

"काय गो एवढी किंचाळतेस, पोर दचकली." टाचेच्या पुढं फोड, रुपयाएवढा. मी म्हटलं भाजलं नाही का? तर हसून, "कातळावर चालून चालून तळवे झालेत ते. लग्नाआधी अनवाणी डोक्यावर गवताचा भारा घेऊन सडा तुडवलाय मी. तुमच्यासारखे लोण्याचे पाय नव्हेत." सोनूमावशी पण हसली. वर खोबरेल लावून कामाला लागली.

पि. आजही.

१५ डिसें.
मोरीत मुंग्या. काळ्या, ओळीनं. अण्णांच्या वेळी पण यायच्या. बादलीभर पाणी ओतलं. तासाभरानं परत. मुंग्यांना कळतं, मला कळायच्या आधी.
डोकं गरगरतं. ठमी सारखी रडते.

१६ डिसें.
यांना पत्र लिहायला बसले. "तुम्हांला एक सांगायचंय" इथवर लिहिलं. फाडलं.

१८ डिसें., गुरु.
आज सगळं बाहेर आलं.
सोनूमावशीनं ठमीला पायावर घेतलं, मांडीची वळी चिमटीत धरली आणि म्हणाली, "ही उतरलीय. दूध नाय गो हिला. चोखून चोखून दमतंय पोर." मग माझी छाती चेपून बघितली आणि आईकडे नुसतं बघितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी पाय वाचवत होते आणि पोर उपाशी ठेवली होती.

तेवढ्यात आईनं दुपटं ओढलं तर मुंग्यांचा लोंढा. खाली सात लाडू, दोन कुरतडलेले. आईनं एकेक लाडू ताटात ठेवला. सात झाल्यावर विचारलं, "का गो?"
सांगितलं. नळी, रंग, पेटी, सगळं. रडून रडून नाक लाल. आई ऐकत होती, चेहरा असा की मला वाटलं थोबाडीत देणार. दिली नाही. बराच वेळ माझ्या डोक्यातून तेलकट हात फिरवत बसली. "उद्या बघू," म्हणाली.

१९ डिसें., शुक्र.
अजून हसू येतंय. लिहून ठेवते.
सकाळी आई म्हणाली, आण ती पेटी. बाटली हलवून उजेडात धरली. "अण्णा जाऊन चार वर्षं झाली. एवढं जुनं औषध, ते काय रंग दाखवणार? नासलंय ते." मी म्हटलं औषध नासत नाही. "नासत नाही? थांब. माझी करून बघू. मला तर काही साखर नाही ना?" आणि पदर खोचून गेली पण. आली, थेंब मोजले, दिवा लावला, नळी तिरकी धरून अशी सफाईनं हलवली की अण्णा आठवले.

निळा गेला, हिरवा गेला, पिवळा गेला. नारिंगी! माझ्यापेक्षा एक पायरी वर. आईनं नळी माझ्या नाकासमोर नाचवली. "घ्या! आता मला पण झाली साखर. अठ्ठावन्नाव्या वर्षी बाळंत झाले वाटतं मी!" सोनूमावशी दारात पोट धरून हसत होती. मी पण हसले, किती दिवसांनी.

मग ताट आलं. मऊभात, तूप, मेतकूट, मुशीचं कालवण. वर डिंकाचा लाडू. आई समोर बसून राहिली शेवटच्या घासापर्यंत. मी हात धुतल्यावर उठली.

२४ डिसें.
दूध आलं. ठमी पिऊन सुस्त, ओठाच्या कोपऱ्यात थेंब. वळ्या परत.
पेटी कपाटात. हात लावायचा नाही असं आईनं ठमीची शपथ घालून बजावलंय.

३० डिसें.
यांचं पत्र, बाहेरचं तिकीट लावलेलं. ठमीसाठी बाहुली घेतलीय. बाहुलीचे केस सोनेरी म्हणे. आई: "सोनेरी केसांची कशाला, आपल्यासारखी काळी नव्हती का?"

भीती गेली असं नाही. पाळण्याखाली बसून असते, मांजरासारखी. सकाळी तोंडाला कोरड पडली की उठून बसते. औषध नासलं होतं हे ठीक. म्हणून माझी साखर गेली असं कुठे ठरतं?

४ जाने. ८७, रवि.
आई लंगडते. "चपलेचा अंगठा लागतोय." पण चप्पल तर ती घरात घालत नाही.

६ जाने., मंगळ.
रक्ताचा दिवस. सहा आठवडे आणि एक दिवस. उपाशीपोटी. पहिल्यांदा बाहेर पडले, कानाला रुमाल बांधून. ऊन एवढं असतं विसरले होते.

लॅबात एक सुई. मग ग्लासभर ग्लुकोजचं पाणी, एका दमात. एवढं गोड की घशाशी आलं. मग दोन तास बाकावर. आई ठमीला घेऊन बरोबर होती. मध्ये पदराआड पाजलं. समोरच्या भिंतीवर सशाचं चित्र, गाजर खाणारा. दोन तास तो ससा बघितला. रक्तात काय चाललं असेल ते कळत नाही, हेच भयंकर. मग दुसरी सुई.

आईला म्हटलं, तू पण तपासून घे ना आलीच आहेस तर. "मला काय धाड भरलीय?" आणि तांब्या उचलून गटागटा पाणी प्याली. दोन तासांत तिसऱ्यांदा उठून मागं जाऊन आली.

८ जाने., गुरु.
डॉक्टरीणबाईंकडे. एकटीच गेले, ठमी आईजवळ.
उपाशीपोटीची ९६. चांगली. ग्लुकोजनंतरची १७२.
"म्हणजे?"
"म्हणजे रोग म्हणण्याइतकी नाही. आणि नाही म्हणण्याइतकी पण नाही. काठावर आहे."
अजून सहा महिन्यांनी बघायची, मग दर वर्षी. दुसऱ्या मुलाचा विचार करण्याआधी यायचं, नंतर नाही. चालायचं. वजन उतरवायचं. लाडू एखादा, तीन नाही. पण उपाशी राहायचं नाही आणि पाजणं सोडायचं नाही, त्यानं तुमचंच बरं होईल.
जन्मभर काठावर. मुठीत जीव धरून. रडले नाही, हे लिहून ठेवते.

मग नळीचं सांगितलं. रागावतील वाटलं, तर हसल्या. "अहो, पाजणाऱ्या बाईच्या लघवीत दुधाची साखर उतरते. ते निळं औषध तीही दाखवतं. हिरवा-पिवळा येणारच. म्हणून तर रक्त बघायचं."
मी म्हटलं, दुधाचं नव्हे, औषधच नासलं होतं. आईनं स्वतःची करून बघितली तर नारिंगी.
हसायच्या थांबल्या. "आई पाजत नाही ना कुणाला?"
मग: "घरी जा, साध्या पाण्याचे आठ थेंब घालून उकळा. रंग बदलला तर औषध खराब. निळाच राहिला तर आईंना घेऊन या. लवकर."

घरी आले. आई मागच्या पडवीत हलवा करत बसलेली. पेटी काढली. पाणी, आठ थेंब, उकळी.
नि.
परत केलं. नि. स्वच्छ निळा, चतुर्थीच्या गणपतीमागच्या पडद्यासारखा.
किती वर्षं मी हा रंग मागत होते. आज तोच नको होता.

९ जाने.
आईला सांगितलं नाही. कसं सांगू? तिचे रंग मोजत बसलेय: तांब्या. सारखं मोरीत जाणं. मुंग्या. त्या मुंग्या माझ्यासाठी आल्या नव्हत्या. निखारा.
निखारा.

१० जाने., शनि.
सांगितलं. पाण्याचं, निळ्याचं, डॉक्टरीणबाईंचं.
हलव्याच्या परातीवरनं नजर न उचलता, "बघू. संक्रांत होऊ दे. पोरीची पहिली संक्रांत, हलव्याचे दागिने कोण करणार? तू?"
"आई, पाय दाखव."
"कामात आहे मी."
मंद निखाऱ्यावर परात, बोटांनी तीळ फिरवायचे, वर पाकाचे थेंब. लहानपणी ती मला हात लावू द्यायची नाही, बोटं पोळतील म्हणून. स्वतःची पण मधून मधून फुंकरायची. आता फुंकरत नाही.
बसते पण एक पाय पुढं पसरून. पूर्वी मांडी घालून बसायची.

१२ जाने.
दुपारी तिचा डोळा लागला होता. हळूच लुगड्याचा काठ उचलला. महिना झाला त्या फोडाला. बुजला नाही. मध्ये खड्डा, कडेनं काळं. वास आला थोडा. हा वास मला माहीत आहे.
ठमीला छातीशी घेऊन पडवीत जाऊन बसले. माझी काठावरची विसरलेच होते दिवसभर. मग एकदम आठवलं. आजोबा, आजी, आई. पुढे ही.

१३ जाने., भोगी
भांडण. मी ओरडले, ती भाकऱ्या थापत राहिली. मी म्हटलं अण्णांना पण तू असंच "बघू" म्हणू दिलंस. असं बोलायला नको होतं. आईनं बाजरीची भाकरी वाढली, वर लोणी. स्वतः दोन खाल्ल्या, माझ्याकडे बघत बघत.

१४ जाने., संक्रांत, बुध.
ठमीच्या हलव्याच्या हाराचा दोरा तुटला. आई अंघोळीला. तिच्या शिवणाच्या डब्यात दोरा शोधला, तर तळाशी अण्णांची वही.

अण्णांची शेवटची नोंद माझ्या अक्षरात, ८२. मग एक पान कोरं. पुढच्या पानापासून आईचं अक्षर, चौथी शिकलेलं, मोठं मोठं. तारखा नाहीत, तिच्या नोंदी तिच्यासारख्याच.
दिवाळीचा पाडवा – हि.
शिमगा – पि.
नारळी पुनव – पि. औषध नवीन आणलं.
शुभाला सातवा – ना.
शुभा घरी आली – ना.
ना. शुभा जेवली.
भोगी – वि.

"शुभा जेवली" बराच वेळ वाचत बसले. अण्णांची नळी चौदा वर्षं उकळणाऱ्या बाईला औषध नासतं की नाही हे माहीत नव्हतं? तिला तिचा रंग पण माहीत होता. नारिंगी येणार हे माहीत असून तिनं ती माझ्यासमोर नाचवली. मी हसावं म्हणून. मी जेवावं म्हणून.

आई दारात. ओले केस, माझ्या हातात वही.
"दोरा मिळाला का गो?"
"का नाही सांगितलंस?"
"बाळंतिणीच्या घरात कोण आजारी पडतं?" मग खाली बसली, भिंतीला टेकून. "कापतील गो मला."
अण्णांच्या वेळी पण आईला रडताना पाहिलं नव्हतं. आज पाहिलं. तिच्या पायाशी बसले. या वेळी पाय मागं घेतला नाही. धुतला, कोरडा केला, स्वच्छ फडकं बांधलं. तिला काही कळत नव्हतं कुठे हात लागतोय ते. मी सांगत होते, आता इथे आहे, आता इथे.

संध्याकाळी ठमीला दागिने घातले. डोक्याला मुकुट, गळ्यात हार, मनगटाला गोठ. पांढरीशुभ्र दिसत होती, टकमक बघत. शेजारणी "गोड गं गोड" म्हणून गेल्या. त्या गेल्याबरोबर मी एकेक करून सगळं काढलं आणि तिचे हात पुसले, चिकट राहू नयेत म्हणून.

उद्या आठला रिक्षा सांगितली आहे. आईच्या उशाशी जाऊन सांगितलं, काही खाऊ नको सकाळी.
"उपाशीपोटी. ठाऊक आहे मला."
"येशील ना?"
ती पाळण्याची दोरी ओढत राहिली.